थांबा सरांची हिरवी खूण

आमच्या सरांना कॉलेजात कुणी आडनावाने हाक मारली नाही. ते थांबा सर. डहाणूच्या आमच्या कॉलेजात ते कम्प्युटर शिकवत, आणि कुणी काम सेव्ह करून खुर्ची मागे सरकवली रे सरकवली की त्यांचा उजवा पंजा वर जायचा. "थांबा." मग मान कलती करून ते मशीनमधल्या डिस्कची कुरकुर ऐकत. ती शांत झाली की पंजा खाली. प्राचार्यांनाही त्यांनी एकदा त्यांच्याच केबिनमध्ये असं उभं करून ठेवलं होतं. आम्ही मागे त्यांची नक्कल करायचो. ती सगळ्यात छान मला जमायची, हे सांगायला आता लाज वाटते.

"झालं म्हणून मशीन सांगते ते वचन असतं, काम नव्हे," असं ते म्हणत. तुम्ही सेव्ह केलेलं काही वेळ मशीनच्या तात्पुरत्या आठवणीतच असतं. ऑपरेटिंग सिस्टिम ते मागाहून सवडीने डिस्कवर उतरवते. मधल्या वेळात लाईट गेली तर गेलं. सर मूळचे चिंचणीचे, आई मासळी विकायची. "होड्या किनाऱ्याला लागल्या म्हणून माझी आई कधी हसली नाही. टोपल्या वाळूवर आल्या की मग हसायची," हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आम्ही त्यांच्याबरोबरच म्हणायला लागलो होतो.

त्यांचं खरं वेड निराळंच होतं. डिस्कवर उतरवायचं हे काम ऑपरेटिंग सिस्टिम एका डिस्कमागे एकाच कामगाराकडून करून घेते. कामगार म्हणजे अर्थात प्रोग्रॅमचाच एक भाग. "दहा होड्या लागल्यात आणि टोपली वाहायला एक माणूस. हे काय बरं दिसतं?" सर चिडून विचारत. ज्या सिस्टिमचा कोड कुणालाही उघडून बदलता येतो तिच्यात ते स्टाफरूममध्ये बसून हात घालत. शेजारी सोललेले दोन चिकू, त्यांना मुंग्या लागलेल्या. शिक्षण संपल्यावर मीही त्यांच्या हाताखाली राहिले आणि आम्ही एकाचे चार कामगार केले. पहिल्या दिवशी काम उलट रखडलं, कारण चौघं मिळून डिस्कच्या सुईला चार दिशांना ओढत होते. सर पोट धरून हसले. "अगं, चौघांना एकाच होडीत उतरवलंस तर आपटणारच ना! ज्याची त्याला होडी वाटून दे." आम्ही डिस्कचे चार भाग पाडले, प्रत्येकाला आपापला दिला, आणि काम झरझर उतरायला लागलं.

त्याच सुमारास सरांनी तलासरीला एक काम घेतलं. जंगलालगतची जमीन कसणाऱ्या पाड्यांतल्या लोकांचे त्या जमिनीवरच्या हक्काच्या दाव्याचे कागद स्कॅन करून मूळ कागद त्यांना परत द्यायचे. भाड्याची खोली, सहा स्कॅनर, एक जुनी मशीन. सरांनी पडद्यावर एक हिरवी खूण करून ठेवली होती. कागद खरोखर डिस्कवर उतरला की ती लागायची, आणि ती लागल्याशिवाय कुणाला घरी सोडायचं नाही असा त्यांचा नियम होता. एकच कामगार असताना लोक ताटकळत बसायचे, दिवसाची मजुरी बुडायची. म्हणून आम्ही तिथे आमचे चार कामगार चालू केले. रांग पळायला लागली. सर प्रत्येकाला स्वतः सांगत, "उतरलं. आता काळजी नाही." आणि लोक त्यांच्या शब्दावर घरी जात.

एका दुपारी लाईट गेली आणि इन्व्हर्टरनेही मान टाकली. हिरव्या खुणा सगळ्यांना मिळालेल्या, त्यामुळे कुणी घाबरलं नाही. तीन आठवड्यांनी तपासताना काही फायली उघडल्या तर आत काहीच नाही. नुसती नावं. चूक कुठे असणार ते मला तिथल्या तिथे कळलं. कामगार चार केले, पण खूण लावायच्या आधी सिस्टिम जी चौकशी करायची ती मी पूर्वीचीच ठेवली होती. ती फक्त पहिल्या कामगाराला विचारायची, तुझं झालं का? त्याचं झालेलं असायचं. उरलेल्या तिघांच्या टोपल्या अजून पाण्यातच.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रिकाम्या फायलींची यादी लिहून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून मूळ कागद पुन्हा स्कॅन करण्यासाठी पाडे पालथे घालायला सुरुवात केली. जीप जाईल तिथवर जीपने, पुढे पायी. साखरेचं दुखणं जुनं, त्यात टाचेला जखम. मी येते म्हटलं तर म्हणाले, "तुझी पुण्याची मुलाखत आहे ना? तिकडे बघ. इथे चूक माझ्या नावावर आहे." मी मुलाखतीला गेले.

सगळे कागद परत मिळाले, एक सोडून. एका पाड्यावरच्या जानकीआजीच्या सासऱ्याचा जबाब. ती जमीन आपण किती वर्षं कसतो हे त्याने सांगितलेलं, खाली त्याचा अंगठा. सासरा केव्हाच वारलेला. तो कागद आजीने वर्षानुवर्षं आढ्याला पिशवीत बांधून ठेवला होता. मास्तर म्हणाला काळजी नाही, म्हणून तिने तो मुलाला दिला. मुलगा ओळखीचा कागद म्हणून तो घेऊन गुजरातेत वीटभट्टीवर निघाला आणि वाटेत पिशवीच गहाळ झाली.

सरांनी दावे तपासणाऱ्या समितीपुढे लेखी दिलं की कागद होता, आमच्या चुकीने गेला. समितीने विचारलं, तुम्ही स्वतः पाहिला होता का? सर खोटं बोलले नाहीत. त्या दिवशी त्या स्कॅनरवर मी होते. त्यांनी मला पुण्याला फोन केला. "तू पाहिला होतास ना गं तो कागद?" मला तो अंगठा लख्ख दिसत होता, निळा, एका बाजूला फरकटलेला. पण नोकरी नवी होती, आणि लेखी दिलं की चूकही माझ्या नावावर येणार होती. मी म्हटलं, "आठवत नाही, सर."

सर म्हणाले, "बरं. आठवलं की सांग. मी थांबतो."

पुढे त्यांनी आमचं सगळं काम, दुरुस्तीसकट, ती सिस्टिम सांभाळणाऱ्या जगभरच्या मंडळींकडे पाठवलं. तिथे प्रत्येक बदलाच्या तळाशी नावं लिहायची रीत आहे: बदल कुणी लिहिला, दोष कुणी कळवला. लिहिणारी म्हणून सरांनी माझं नाव घातलं होतं. दुरुस्तीवर स्वतःचं, "माझ्याकडून राहिलं" असं लिहून. आणि दोष कळवणारी म्हणून जानकी, तालुका तलासरी. कुणा परदेशी माणसाने विचारलं, यांचा ईमेल नाही दिला? सरांचं उत्तर मी पुण्यात बसून वाचलं: "ईमेल नाही. घर आहे, हवं तर रस्ता सांगतो."

टाचेची जखम भरली नाही. आधी पाय काढावा लागला, मग सरच गेले. मी पोचले तेव्हा चिंचणीच्या किनाऱ्यावरून लोक परत फिरत होते.

बाराव्या दिवसानंतर मी हायवेवरच्या विवळवेढ्याहून रिक्षा केली, तलासरीत बदलली आणि पाड्यावर गेले. आजी ओट्यावर नाचणी पाखडत होती. दाव्याचा निकाल अजून लागायचाच होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "आजी, चूक सरांची नव्हती, माझी होती. आणि तुमचा कागद मी माझ्या हातांनी मशीनवर ठेवला होता. अंगठा पाहिला होता."

तिने सूप खाली ठेवलं. "तुला ठावं होता?"

"हो."

"मंग मास्तरला तसल्या पायानं कशाला चालवलंस?"

मी रडायला लागले, आणि तिने मला रडू दिलं, समजूत वगैरे घातली नाही. पाणी मात्र दिलं. मग म्हणाली, "रडून काय होय? लिही."

ओट्यावर बसून मी समितीच्या नावाने सगळं लिहिलं, कागद कसा होता, चूक कुणाची, आणि खाली माझं पूर्ण नाव. आजीने आतून शाईची डबी आणली आणि वाचून दाखवलेल्या मजकुराखाली अंगठा उठवला. तोच निळा रंग. मी डोळे पुसले, कागद उचलला, आणि घाईघाईने घडी घालायला लागले.

आजीचा पंजा वर झाला.

"थांब," ती म्हणाली. "वाळू दे."