दुसरा डोळा

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पुढच्या पेशंटला आतच बाकावर बसवतात, त्यामुळे आधीच्या पेशंटचं सगळं बोलणं ऐकू येतं. समोर एक आजी होत्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन बाकी होतं. मुलगा रुमालाने त्यांचा डोळा हळुवार टिपत होता.

“दुसरा कधी करायचा?” डॉक्टरांनी मुलाला विचारलं.

“एकावर भागतंय की. आता कुठे पेपर वाचायचाय आईला,” तो हसून म्हणाला. डॉक्टरही हसले.

मला धक्का बसला तो त्या आवाजातल्या मायेने. त्यात तुसडेपणा शोधूनही सापडत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला थोडं कमी दिसलं, कमी ऐकू आलं, अळणी जेवायला मिळालं तरी चालतं, हे आपण किती प्रेमाने ठरवून टाकतो.

“मला करायचाय दुसरा,” आजी म्हणाल्या. “जिन्यात पायरीचा अंदाज येत नाही. परवा पडता पडता वाचले.”

आवाज स्पष्ट होता. मागे बाकावर मलाही नीट ऐकू आला.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि मुलाकडे पाहिलं. “मग, काय ठरवलंत?”