एका मताची झोप

इंग्लंडातल्या अख्ख्या ब्रॅकनेल शहरात आमच्या घरमालकांइतका निवडून आलेला माणूस दुसरा नव्हता. फक्त निवडणूक व्हायची राहिली होती. बाकी सगळं होतं. रस्त्यात दर दहा पावलांवर थांबून हात उंचावणं होतं, कुत्र्यांचीसुद्धा खुशाली विचारणं होतं, आणि कौन्सिलने खणून ठेवलेल्या फुटपाथकडे पाहून "हे मी बघून घेतो" असं म्हणणं होतं. नवखा माणूस त्यांच्याबरोबर भाजी आणायला गेला, तर परत येईपर्यंत त्याची खात्री पटायची की हा शहराचा महापौर आहे आणि साधेपणामुळे स्वतः कोथिंबीर निवडतो आहे.

दोन हजार सहा-सातचा सुमार होता. मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामावर आलो होतो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. खोली एवढी ऐसपैस की स्वेटर घालायचा तर दार उघडून दोन्ही हात जिन्यात काढावे लागत. घरमालक मूळचे साताऱ्याकडचे, इथे येऊन तीस वर्षं उलटलेली, एका कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. पोस्टमन त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता, पण तोही काकाच म्हणायचा, कारण त्याला ते त्यांचं आडनाव वाटत असे.

काकांना पक्षाचं वेड होतं. पक्ष कुठला ते सांगत नाही, कारण तो त्यांनाही फारसा महत्त्वाचा नव्हता. कारखान्यातल्या एका दोस्ताने पूर्वी कधीतरी त्यांच्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, "एवढी गल्ली वाटशील का?" काका ती गल्ली पंचवीस वर्षं वाटत होते. वॉर्डातल्या प्रत्येक दाराच्या पत्रपेटीचा स्वभाव त्यांना पाठ होता. अमक्याची फट वरून उघडते, तमक्याची स्प्रिंग बोट पकडते, आणि चोवीस नंबरच्या फटीआड एक टेरियर कुत्रा तोंड उघडून वाटच पाहत असतो. त्यांच्या उजव्या हातावर दातांचे व्रण होते, आणि कुठला व्रण कुठल्या निवडणुकीतला हे ते सांगू शकत. बैठक असली की तासभर आधी जाऊन हॉलमधल्या खुर्च्या मांडायच्या, संपली की घड्या घालून रचायच्या, हेही काम त्यांचंच. खुर्ची मांडताना ती ते अशा मायेने पुसत की वाटावं, पाहुणा बसायच्या आधी हे तिला हळदकुंकू लावणार.

दर चार वर्षांनी सूट घातलेला कुणीतरी तरुण यायचा, त्या खुर्च्यांसमोर उभा राहून भाषण करायचा आणि नगरसेवकपदाचा उमेदवार व्हायचा. काका टाळ्या वाजवायचे आणि पत्रकं उचलायचे. त्या वर्षी मात्र एका रात्री जेवताना त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "एकदा मतपत्रिकेवर नाव यावं. मग पडलो तरी चालेल. आईवडिलांनी एवढं लांबलचक नाव ठेवलं, ते या देशात विजेच्या बिलाखेरीज कुठेही छापून आलं नाही."

काकू म्हणाल्या, "बिलावरसुद्धा चुकीचंच येतं."

आता, इथे तिकीट काही दिल्लीहून येत नाही. वॉर्डातले पक्षाचे सभासद एका रविवारी हॉलमध्ये जमतात, इच्छुकांची भाषणं ऐकतात आणि तिथल्या तिथे चिठ्ठ्या टाकून आपला उमेदवार ठरवतात. हजर असेल त्याचंच मत. तीनच्या ठोक्याला दार लागलं की मग साक्षात पंतप्रधान आले तरी बाहेर थंडीत उभे. सभासदांच्या बाबतीत काकांना चिंता नव्हती. थेम्स व्हॅलीत उतरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते आधी जेवायला घालत आणि मग सभासद करून घेत. माझं बँकेत खातं उघडायला दीड महिना लागला, पक्षाचा सभासद मी तिसऱ्या दिवशीच झालो होतो.

स्वयंपाकघरातल्या मराठी कॅलेंडरवर काकांनी आपली मतं मांडली होती. एकादशी-चतुर्थीच्या चौकोनांत लाल पेनाने नावं. जो भेटेल त्याला ते सांगत, "मी उभा राहतोय बरं का." तो म्हणे, "अरे वा! बघू, नक्की बघू." झालं, नाव चौकोनात. त्यांची मुलगी शेजारच्या रीडिंग शहरात वकील होती, इथेच जन्मलेली. एका शनिवारी तिने ते कॅलेंडर वाचलं आणि म्हणाली, "बाबा, हा लिस्ट बरोबर नाही. 'बघू' म्हणजे नो असतो."

"तुला मराठी येत नाही," काका म्हणाले.

"म्हणून तर मला कळतो. मी फक्त ऐकते."

पण काका बावन्न मतांवर पोचले होते, आणि बावन्न मतांवर पोचलेल्या माणसाला व्याकरणाच्या चुकांखेरीज काही ऐकू येत नाही. "म्हणजे आता जाऊन एकेकाकडे मत मागू?" ते मला म्हणाले. "आपल्या माणसाकडे मत मागायचं म्हणजे आपल्याच घरी बेल वाजवून आत येण्यासारखं आहे रे."

काकांच्या विरोधात उभ्या होत्या मार्गारेटबाई. निवृत्त ग्रंथपाल, चणीने एवढ्याशा की वाऱ्याच्या दिवशी पिशवीत दोन जाड पुस्तकं घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसाव्यात. त्या मात्र प्रत्येक सभासदाची बेल वाजवत होत्या. आत येऊन दहा मिनिटं बसायच्या, काय अडचण आहे ते विचारायच्या, वहीत लिहून घ्यायच्या आणि उठताना सरळ म्हणायच्या, "मला मत द्याल का?" कुणी "बघू" म्हणालं तर त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येत. एका दुपारी त्या आमच्याच दारात उभ्या राहिल्या. काका घरात नव्हते. काकूंनी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, आणि बस चुकली की स्टॉपवर बसायला बाक नाही हे सांगितलं. संध्याकाळी ही बातमी ऐकून काका सोफ्यावरून अर्धे उठले.

"आमच्या घरात येऊन मत मागितलं?"

"मागितलं. बरं वाटलं हो. मी पण सभासद आहे हे तुमच्या लक्षात तरी आहे का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"बघू म्हणाले."

काकांनी हसून तेही नाव लाल पेनात टाकलं.

निवडीचा रविवार फेब्रुवारीतला होता. बाहेर आभाळ ओल्या गोधडीसारखं लोंबत होतं. इंग्रज उमेदवार अशा दिवशी समर्थकांना फोन करतो, गाडी पाठवतो. आमच्या काकांनी पुरणपोळीचा बेत केला. त्यांचं म्हणणं, घरात कार्य आहे, तर आपली माणसं उपाशी तोंडाने जाणार कशी? आणि जेवण निकालानंतर का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "निकालानंतर काय, सगळेच येतात. आधी येतात ते आपले."

आले, तेहतीस माणसं आली. बहुतेक ब्रॅकनेलची, दोन मेडनहेडची (त्यांना मत नव्हतं, पण पोळीला वॉर्ड नसतो). काकू आणि त्यांच्या दोन मैत्रिणी पहाटेपासून पोळ्या लाटत होत्या. घरात वेलदोड्याचा असा वास कोंडला होता की समोरच्या घरातली मांजर खिडकीला नाक लावून बसली होती. काका तुपाची बुधली घेऊन फिरत होते आणि जो नाही म्हणेल त्याच्या पानात दुप्पट ओतत होते. कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कुरडई, भात. मी सात पोळ्या खाल्ल्या. शेजारी बसलेल्या नागपूरच्या मित्राने किती खाल्ल्या ते मला मोजता आलं नाही, कारण पाचव्या पोळीनंतर माझी मान वळेना. दीड वाजता, सेंट्रल हीटिंग फुल्ल लावलेल्या त्या दिवाणखान्यात, जेवून तृप्त झालेली मराठी माणसं तुम्ही बसवून ठेवलीत, तर पुढे काय होणार हे कुठल्याही आजीने सांगितलं असतं. काही जण "येतो थेट हॉलवर" म्हणून घरी गेले आणि आपापल्या अंथरुणात अंतर्धान पावले. मी, नागपूरचा आणि आणखी दोघे तिथेच गालिच्यावर आडवे झालो. डावी कूस, पोटावर हात, वामकुक्षी अगदी शास्त्रानुसार.

दोन वाजता काका निघाले, काकूही बरोबर. उमेदवार असले तरी खुर्च्या कोण मांडणार? कोट घालून ते दिवाणखान्याच्या दारात थांबले. काकू म्हणाल्या, "अहो, या चौघांना उठवा. तीनला दार लागतं."

"झोपू दे गं. आठवडाभर ऑफिसात राबतात पोरं. जेवून झोपलेल्या पाहुण्याला उठवतात का कधी?"

"चार मतं आहेत ती!"

"बावन्न आहेत माझी. चार गेली तर काय आभाळ कोसळतंय?"

मग खांद्यावर काहीतरी ऊबदार पडलं. त्यांनी आमच्या अंगावर शाली घातल्या. मग दार हळूच लागलं, आवाज होऊ नये म्हणून कडी धरून लावतात तसं. हे सगळं मला कसं ठाऊक? मी जागा होतो. अर्धवट, पण जागा. सगळं ऐकलं, शाल कानापर्यंत ओढली आणि मनाशी म्हणालो, पाच मिनिटं.

डोळे उघडले तेव्हा सव्वाचार वाजले होते.

काका-काकू परत आले ते साडेपाचला. आम्ही चौघे रांगेत उभे होतो, शाळेत काच फोडल्यावर उभे राहतात तसे. चहा करून ठेवला होता, तोही उकळून काळा झाला होता. काकूंच्या चेहऱ्यावरून निकाल कळला. मार्गारेटबाई एकतीस, काका तीस. सेक्रेटरीने आकडा वाचल्यावर पहिली टाळी काकांनी वाजवली, असं काकूंनी नंतर सांगितलं. दुसरी वाजायला जरा वेळ लागला म्हणे, कारण हॉलमधल्या प्रत्येकाचं लक्ष त्यांच्याकडेच होतं. मग लोक गेले आणि काकांनी एकसष्ट खुर्च्यांच्या घड्या घातल्या. म्हणून उशीर झाला होता.

नागपूरचा मित्र म्हणाला, "काका, आमच्यामुळे..."

"चहा घेतला का रे तुम्ही?" काका म्हणाले. "आणि उरलेल्या पोळ्या डब्यात भरून न्या. मला एकट्याला संपणार नाहीत."

बस्स. त्यानंतर त्या विषयावर ते अवाक्षर बोलले नाहीत. कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान महिना संपायच्या आठवडाभर आधीच उलटलं गेलं, एवढंच. काकूंनी मत कुणाला दिलं हे विचारायची हिंमत घरात कुणाची नव्हती. काकांनी तर विचारलंच नाही, पण त्या आठवड्यात ते काकूंबरोबर बसस्टॉपवर गेले आणि बस येईपर्यंत शेजारी उभे राहिले. परत आल्यावर मला म्हणाले, "खरंच रे, बाक नाही तिथे. पाय दुखतात."

मार्चपासून ते मार्गारेटबाईंची पत्रकं वाटायला लागले. प्रायश्चित्त म्हणून मीही शनिवारी बरोबर जाई. पूर्वी काका गल्लीतून वाऱ्यासारखे सुटत, हात उंचावत, ओरडत. आता ते बेल वाजवून थांबत. माणूस काय म्हणतो ते ऐकत. कुणी "बघू" म्हणालं तर विचारत, "कधी?" चोवीस नंबरला टेरियरच्या मालकिणीने त्यांना पहिल्यांदा आत बोलावलं, तेव्हा समजलं की तिला सहा महिने जिना चढता येत नव्हता. पंचवीस वर्षं काका त्या दारात येत होते, पण त्यांना माहीत होते ते फक्त कुत्र्याचे दात. त्या दिवशी परतताना एका राउंडअबाउटशी ते थांबले आणि म्हणाले, "पुढे असतो ना त्याला एक रोग होतो बघ. मागे वळून बघायची लाज वाटते. आपण एकटेच पळतोय की काय, हे कळेल अशी भीती असते."

आम्ही चालत राहिलो. आधीचे काका असते तर एव्हाना त्यांनी रस्त्यापलीकडच्या तिघांना हाका मारल्या असत्या. मला त्या हाकांची सवय झाली होती.

मे महिन्यात मतदान आलं, आणि इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही मत असतं. सकाळी सात वाजता माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली. दार बाहेरच्या बाजूला उघडतं म्हणून बरं, नाहीतर ते माझ्यावरच उघडलं असतं. बाहेर काका उभे, एका हातात चहाचा कप.

"ऊठ."

"काका, सात वाजलेत."

"मतदान सुरू झालं. बाईंना मत द्यायचंय. ऑफिसला गेलास की संध्याकाळी राहून जाईल."

मी अंथरुणात उठून बसलो. तीन महिने मनात राहिलेलं वाक्य झोपेच्या गुंगीत बाहेर पडलं. "काका, मी त्या दिवशी जागा होतो. तुम्ही उठवायला हवं होतं हो."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

"त्या दिवशी माझं काम होतं," ते म्हणाले. "आपल्या कामासाठी कुणाची झोप मोडायची मला लाज वाटली. आज दुसऱ्याचं आहे. ऊठ, थंड होईल चहा."

मार्गारेटबाई भरघोस मतांनी निवडून आल्या. माझ्या मतावाचून त्यांचं काहीच अडलं नसतं. ज्यांचं अडलं होतं ते मात्र त्या सकाळी कोट-टोपी घालून, माझी छत्री हातात धरून, खाली दारात उभे होते, आणि वरती मी बूट शोधत होतो तेवढा वेळ त्यांनी एकदाही हाक मारली नाही.