बोनेटखालची निळी नळी

दाजींचा खोपोलीहून फोन आला तेव्हा गाडीला काय झालं असेल, हे मला कळलं होतं. तरी मी त्यांना म्हणालो, "काही नाही, वाऱ्याचा आवाज असेल. या घाट चढून." माझी चूक ती. त्याआधी बोनेटखाली मी जे काही केलं ती हौस होती, आणि हौसेतली चूक मी एखाद वेळी विसरलोही असतो. फोनवरचं ते वाक्य विसरता येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वडिवळ्याचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी यष्टी चालवली, आणि त्यांच्या हातून कधी कुणाला खरचटलंही नाही. रिटायर झाल्यावर ते भातशेती बघायला लागले, पण भावकीत कुणाकडे लग्न असो, कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, गाडी कुणाचीही असली तरी चालवायला दाजीच. ते बसले की बायका निवांत झोपायच्या.

मी कामशेतला राहतो आणि तळेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्याकडची निम्मी यंत्रं हवेच्या दाबावर चालतात. त्यामुळे व्हॉल्व्ह, नळ्या, प्रेशर हे माझं रोजचं काम. गाडी मी जुनी घेतली होती, टर्बो असलेली डिझेल. सपाटीला चांगली, पण पाच-सहा माणसं बसवून घाट चढायचा म्हटलं की तिला दम लागायचा. मागचे हॉर्न वाजवायला लागायचे आणि मला अपमान झाल्यासारखं वाटायचं.

टर्बो म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. किती कोंबायची याला मर्यादा असते. दाब ठरावीक झाला की एक बारीक नळी तो दाब एका डबीपर्यंत पोचवते, डबीतली दांडी सरकते, एक झडप उघडते आणि उरलेला धूर पंख्याला न फिरवता परस्पर निघून जातो. हे मला समजलं तेव्हा पुढचं डोक्यात यायला वेळ लागला नाही. त्या बारीक नळीतली थोडी हवा वाटेत बाहेर सोडली, तर डबीला वाटेल की दाब अजून कमीच आहे. झडप उशिरा उघडेल आणि इंजिनाला जास्त हवा मिळेल. आणि ही गळती बटणावर चालू-बंद करता आली, तर एरवी गाडी साधी आणि घाटात दमदार.

कारखान्यात भंगारात निघालेला एक विजेवरचा व्हॉल्व्ह मी साहेबांना विचारून घरी आणला. त्याची चोवीस व्होल्टची कॉइल काढून गाडीच्या बॅटरीला चालेल अशी बारा व्होल्टची बसवली. हवा किती सोडायची ते ठरवायला पुढे एक बारीक स्क्रू लावला. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला कंपनीनं एका बटणाची जागा रिकामी ठेवून वर झाकण लावलं होतं. ते काढून तिथे माझं बटण बसवलं. ते इतकं चपखल बसलं की मूळचंच वाटावं. ही गोष्ट मला तेव्हा फार आवडली होती.

दाब मोजायला नळीला एक मीटर जोडून खिडकीतून आत घेतला आणि बायकोला शेजारी बसवलं. कार्ल्यापासून लोणावळ्यापर्यंत आम्ही जात-येत होतो.

"काटा कुठे आहे?"

"मधे."

"मधे म्हणजे किती?"

"मधे म्हणजे मधे. तुम्ही पुढे बघा, बस थांबलीये."

बटण दाबल्यावर गाडी खरोखर उचलली. तिसऱ्या गिअरला जिथे ती रडायची तिथे चौथ्यात गेली. बायकोला मी सांगितलं होतं की हे ॲव्हरेज वाढवण्यासाठी आहे. तेही खरं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मी ढिलाईनं केली. नळी कारखान्यातलीच वापरली, निळी प्लॅस्टिकची. मशीनवर ती वर्षानुवर्षं टिकते. पण इंजिनाच्या धगीत ती मऊ पडते, हे मला माहीत होतं. कापडी अस्तराची रबरी नळी पुढच्या रविवारी आणू, असं मी ठरवलं. असे बरेच रविवार गेले.

मग दाजींच्या पुतणीचा साखरपुडा खोपोलीला ठरला आणि त्यांनी गाडी मागितली. मी बटण बंद केलं आणि चावी दिली. बटणाचं काही बोललो नाही. बंद आहे म्हणजे गाडी मूळची आहे, अशी मी मनाची समजूत घातली. पण बटण बंद असलं तरी दाब त्याच निळ्या नळीतून जात होता. तीच गळाली तर डबीला दाब पोचणारच नाही आणि झडप उघडणारच नाही. मग टर्बोला आवरणारं कुणी नाही.

परतताना घाट लागायच्या आधी ते चहाला थांबले आणि तिथून फोन केला.

"आरं, गाडी आज येगळंच बोलतीय. शिट्टी मारतीय. आन् पाय ठिवला न्हाई तोच पळतीय."

मी कारखान्यात मशीनपाशी उभा होतो. शिट्टी म्हटल्याबरोबर नळी डोळ्यांसमोर आली. "गाडी तिथेच थांबवा" एवढंच म्हणायचं होतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. दाजींची आई, भाऊ, भावजय, सगळे शेजारीच चहा पीत होते.

"काच उघडी असेल, दाजी. वाऱ्याचा आवाज असेल."

"काचा तर समद्या बंद हायती."

"मग कान दाखवा आता डॉक्टरला," मी हसत म्हणालो. "वय झालं तुमचं. या घाट चढून."

तेही हसले. "बरं, इंजनेर सांगतोय म्हंजी आसंल तसंच," म्हणाले आणि फोन ठेवला.

घाटातल्या शिंगरोबाच्या देवळात नाणं टाकून ते थोडंच वर आले असतील, गाडीनं धुराचा लोट सोडला आणि ती बंद पडली. दाजींनी ती उतारावर मागे जाऊ न देता कडेला लावली, चाकाला दगड लावला, माणसं उतरवली. कुणाला काही झालं नाही. मी मोटारसायकलवर पोचलो तेव्हा त्यांची म्हातारी आई कठड्यावर पदर नाकाला लावून बसली होती आणि पाठीमागून ट्रक जात होते.

बोनेट उघडलं. निळी नळी एका जागी वितळून तिला भोक पडलं होतं. सगळे पाणी पीत होते. मी वाकलो, व्हॉल्व्ह आणि नळी उपसून पिशवीत टाकली आणि डिकीत जपून ठेवलेली मूळची काळी नळी परत लावली. दाजी मागे येऊन उभे राहिले.

"काय झालं रं?"

"टर्बो गेला."

"माज्यामुळं?"

मी हात पुसत म्हणालो, "चढाला जरा जास्त ओढली गेली असेल."

दाजींचा भाऊ लगेच म्हणाला, "ह्येला अजून वाटतंय मागं पन्नास शिटं हायती. डबल बेल वाजली की सुटला!" सगळे हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

गॅरेजवाल्यानं पाती तुटलेला टर्बो दाखवून सांगितलं, गाडी कुणीतरी खेचलेली दिसते. मी मान हलवली. त्यानंतर दाजींनी कुणाचंच स्टिअरिंग हातात घेतलं नाही. कामशेतच्या बाजाराला यायचे तर जीपमध्ये मागे बसून यायचे. ड्रायव्हरनं ओळखून पुढे बोलावलं तरी मागेच.

मग बहिणीचा फोन आला. "ह्यांनी घरच्या टेम्पोची चावी पुतण्याला दिली बघ. म्हणत्यात, कान गेलं, मानसं बसवून चालवायची न्हाई आता. तू घेऊन जा की डॉक्टरकडं. तूच तर म्हनलावतास म्हनं, कान दाखवा."

मी हे लोणावळ्याला दवाखान्यात जाईपर्यंत सोसलं. दाजी माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसून आले. तिथे त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. मी बाहेरून बघत होतो. ते डोळे मिटून ताठ बसले होते, आणि बोट वर जायचं, खाली यायचं, पुन्हा वर जायचं. एखाद्या परीक्षेला बसल्यासारखे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, वयाच्या मानानं कान उत्तम आहेत."

मला वाटलं ते खूश होतील. बाहेर चिक्कीच्या दुकानापाशी येऊन ते थांबले.

"कान चांगलं हायती, मंग तवा शिट्टी आली ती कुटनं आली? म्हंजी डोस्क्यातच वाजली व्हय?"

दुकानदार बशीतून चवीला चिक्कीचे तुकडे पुढे करत होता. मी दाजींना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. बटण, व्हॉल्व्ह, नळी, घाटात पिशवीत काय टाकलं ते. त्यांनी मधे एकदाच विचारलं, "बटन बंद व्हतं का चालू?"

"बंद. पण नळी फुटली होती."

"मंग शिट्टी खरी व्हती."

"खरी होती."

"आन् फोनवर बोलतानी तुला हे म्हाईत व्हतं."

"हो, दाजी."

शिवी दिली असती तर मला सोपं गेलं असतं. "म्हातारी व्हती रं गाडीत," एवढंच म्हणाले. आणि मग, "हे मला हितं चिक्कीच्या दुकानापुडं सांगून काय उपेग? ज्यांच्या म्होरं माजी आब्रू गेली, त्यांच्या म्होरं सांग." येताना मात्र ते पुढे बसले. घरापर्यंत इंजिन ऐकत होते.

दसऱ्याला सगळे वडिवळ्याला जमतात. अंगणात ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारसायकली धुऊन हार घालून उभ्या होत्या. दरवर्षी गाड्यांपुढे नारळ दाजी फोडायचे. या वर्षी ते पडवीत खुर्ची टाकून बसले होते आणि भाऊ नारळ शोधत होता. सोनं वाटायच्या आधी मी पिशवी उघडली आणि व्हॉल्व्ह आणि वितळलेली निळी नळी ओट्यावर ठेवली. मी सांगायला सुरुवात केली.

अर्ध्यावर दाजींच्या भावानं विचारलं, "म्हंजी आमी घाटात तुज्या परयोगावर बसलोवतो व्हय?"

"हो."

"आन् शिव्या खाल्ल्या दादानं."

"हो."

भावजयीनं ती नळी उचलली, भोकावरून बोट फिरवलं आणि खाली ठेवली. माझ्या बहिणीनं माझ्याकडे बघितलंच नाही. कोपऱ्यातून दाजींची आई म्हणाली, "काय म्हनतोय त्यो? मला ऐकू येत न्हाई, मोट्यानं बोल की."

दाजी म्हणाले, "व्हय, मोट्यानं बोल. तिचं कान खरंच गेल्यात."

मी म्हातारीजवळ जाऊन बसलो आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो. "दाजींनी गाडी नीट चालवली, आई. त्यांना जे ऐकू आलं ते खरं होतं. गाडी मी बिघडवली, मला कळत होतं, आणि मी खोटं बोलून तुम्हाला घाटात चढवलं. वर नाव त्यांचं घेऊ दिलं." मग मी दाजींकडे वळलो. "दाजी, माझं चुकलं. मला माफ करा."