तीनशे सदुसष्टावं कार्ड

जगाच्या सुरुवातीपासून आजवर एकही दिवस नुसता उगवून नुसता मावळलेला नाही, यावर माझ्या बायकोच्या मामांचा जितका विश्वास आहे तितका देवावरही नसेल. सकाळी दूध आणायला खाली उतरलेल्या माणसाने त्यांना "काय मामा, काय विशेष?" असं चुकूनही विचारू नये. "विशेष म्हणजे काय, आज एका शास्त्रज्ञाची जयंती, एका बेटाचा स्वातंत्र्यदिन आणि जागतिक शौचालय दिन आहे," असं ते सांगतात, आणि सांगताना तिघांबद्दलही चेहऱ्यावर सारखाच आदर असतो. विचारणाऱ्याचं दूध तोवर गरम झालेलं असतं.

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मामा-मामी दुसऱ्या मजल्यावर आणि आम्ही पहिल्यावर. जिन्याच्या तोंडाशी भिंतीतच केलेला सिमेंटचा काळा फळा होता. मुळात तो सोसायटीच्या नोटिशींसाठी. पण मामा रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याकडे गेला. रोज सकाळी सहाला ओला फडका, खडूचा डबा आणि डोळ्यांवर चष्मा अशा सरंजामात ते खाली यायचे, कालचा दिवस पुसायचे आणि आजचा लिहायचे. वर मथळ्याला आज कोणता दिन ते, खाली तीन रकाने: घटना, जन्म, मृत्यू. अक्षर असं की छापखान्याने शरमावं. सेक्रेटरीला आपल्या नोटिशीसाठी तळाशी हातभर जागा मिळायची, तीही मामांचे जन्म कमी असतील त्या दिवशी. एकदा बावीस मार्चला वर ठळक अक्षरात "जागतिक जल दिन" आणि तळाशी "आज दिवसभर पाणी येणार नाही" असं आलं होतं. लोक हसत होते. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. "दिन साजरा करायची प्रत्येकाची रीत वेगळी," एवढंच म्हणाले.

हे वेड त्यांना नोकरीत लागलं. कल्याणला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात ते कारकून होते आणि सकाळी शिक्क्यातली तारीख बदलणं हे त्यांचं पहिलं काम. आंब्याच्या पेट्यांवर आणि सायकलींवर वर्षानुवर्षं तारखा उमटवता उमटवता, या तारखेला आणखी कुठे काय झालं असेल, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. त्यांच्याकडे पत्र्याचा एक लांबट खोका आहे. त्यात तीनशे सहासष्ट कार्डं. एकोणतीस फेब्रुवारीच्या कार्डावर त्यांचा विशेष जीव. वर्षातून दोनदा ते बाहेर काढून, पुसून परत ठेवतात. "बिचाऱ्याला चार वर्षांनी एकदा बाहेर पडायला मिळतं, निदान धूळ तरी नको," असं त्यांचं म्हणणं.

हे ज्ञान मामांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर कोणाची काही तक्रार नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या जोश्यांना मुलगा झाला तेव्हा ते पेढे घेऊन मामांकडे गेले. मामांनी पेढा तोंडात टाकला, खोका उघडला आणि बाळाच्या तारखेचं कार्ड काढून म्हणाले, "वा, एका हुकूमशहाचा जन्म याच दिवशी." जोश्यांचा चेहरा पडलेला पाहून त्यांनी लगेच धीरही दिला, "पण लहानपणी तोही शांतच होता म्हणे." आमच्या मेव्हणीच्या लग्नाची तारीख ठरली तेव्हा त्या दिवशी कुठल्या समुद्रात कोणतं जहाज बुडालं होतं ते त्यांनी भर बैठकीत सांगितलं. मुहूर्त बदलला नाही, पण मधुचंद्राला गोव्याऐवजी महाबळेश्वरला जायचं ठरलं.

बरं, दिन नुसते लिहून त्यांचं समाधान होत नसे, ते पाळायलाही लागत. चिमणी दिनाला त्यांनी गॅलरीत तांदूळ ठेवले. चिमणी एकही आली नाही. कबुतरं मात्र अशी आली की आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची चोरी झाली. हात धुवा दिनाला ते साबण घेऊन गेटपाशी उभे होते. टपाल दिनाला त्यांनी मला, म्हणजे एक जिना खाली राहणाऱ्या माणसाला, पोस्टकार्ड टाकलं: "कुशल कळवावे." दुपारी जिन्यात भेटले तर मान वळवून पुढे गेले. माझं लेखी उत्तर पोचेपर्यंत आमचं बोलणं बंद होतं.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी आयता दिनविशेष ढकलू लागलं तेव्हा मामांना धोका आहे असं आम्हाला वाटलं होतं. पण त्या आयत्या दिनविशेषाने एका हिंडत्याफिरत्या नटाला मृत्यूच्या रकान्यात टाकलं आणि मामा जिंकले. त्या दिवशी ते माझ्याकडे मुद्दाम येऊन बसले. "जावईबापू, जन्म चुकला तर चालतो एक वेळ. माणूस काही बोलत नाही. पण जिवंत माणसाला मृत्यूखाली घालायचं म्हणजे काय? त्याची बायको नसेल वाचत?"

आणि अशा या माणसाला स्वतःच्या बायकोचा वाढदिवस माहीत नव्हता.

यात त्यांचा दोष नाही. मामींच्या कागदांवर जन्मतारीख होती, एक जून. पण एक जून हा आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस आहे. पोर शाळेत घालायला आणलं, बापाला तारीख सांगता येईना, की मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. आमच्या एका बिल्डिंगमध्ये अशी पाच माणसं होती. सेक्रेटरी दरवर्षी एक जूनला सगळ्यांना मिळून एकच केक आणायचा. मामी तो कापायला हात लावायच्या आणि मामा कोपऱ्यात उभे राहून धुमसायचे. "ही तारीख मास्तरांची. हिची नव्हे." फळ्यावर त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस लिहिला, इस्त्रीवाल्याचासुद्धा लिहिला. मामींचं नाव कधी आलं नाही. खोटी तारीख ते लिहीत नसत आणि खरी त्यांच्याकडे नव्हती.

गेल्या वर्षी सेक्रेटरीच्या हातभर जागेत नोटीस लागली: बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, श्रावण संपायच्या आत सगळ्यांनी जागा रिकाम्या कराव्यात. गणपती ज्याने त्याने भाड्याच्या घरात बसवायचा. बाकीचे लोक नव्या फ्लॅटमध्ये किती फूट जास्त मिळणार ते मोजत होते. मामा फळ्यासमोर उभे होते. फळा भिंतीतलाच, तो काढून नेता येणार नव्हता. संध्याकाळी मला म्हणाले, "हा पडायच्या आत एक दिवस तरी हिचं नाव त्यावर लागलं पाहिजे. सगळ्या जगाचं लिहून झालं माझं." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. त्या माणसाला मी पहिल्यांदाच घाई झालेली पाहिली.

मग शोध सुरू झाला. मामींच्या कोकणातल्या गावी पत्रं गेली. ग्रामपंचायतीच्या माणसाने कळवलं की त्या सालचं दप्तर वाळवीने खाल्लं. मामांनी त्याला उलट विचारलं की वाळवीने पूर्ण खाल्लं की पानांच्या कडा. मग ते मला घेऊन आंबिवलीला मामींच्या थोरल्या बहिणीकडे गेले. अक्कांनी चहा ठेवला आणि आठवून आठवून सांगितलं, "भाताला लोंब्या धरल्या होत्या. आमची कपिला व्यालेली. मी चार वर्षांची होते, मला खरवस मिळाला तेवढं पक्कं आठवतंय."

"लोंब्या हिरव्या की पिवळ्या?" मामांनी वही काढली.

"आता मेलं ते कोण बघतंय," अक्का म्हणाल्या. "पण अहो, तिलाच का नाही विचारत?"

"तिला काय ठाऊक असणार?" मामा म्हणाले. "ती तर तेव्हा नुकती जन्मली होती. साक्षीदार बघणारा लागतो."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

हिरव्या-पिवळ्याचा निकाल लागलाच नाही आणि श्रावण संपत आला. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे सामान बांधायला गेलो होतो. मामा पत्र्याचा खोका मांडीवर घेऊन बसले होते. "राहिलं ते राहिलंच," ते मला म्हणाले. मामी डबे कागदात गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाद्रपद वद्य पंचमी."

मामांनी चष्मा सारखा केला. "काय आहे पंचमीला?"

"मी आहे."

मामींनी हातातला डबा गुंडाळून बाजूला ठेवला. मग मामी सावकाश बोलल्या. पितरांच्या पंधरवड्यात पोर जन्मली म्हणून त्यांची आई ती तिथी कोणाला सांगू देत नसे. गाजावाजा नको, औक्षण नको. फक्त त्या दिवशी तांदळाची खीर करायची, घरोघरी पितरांना खीर होतेच, त्यात खपून जाते. लग्नानंतर मामी स्वतःच ती करू लागल्या.

"पण खीर आपल्याकडे वडिलांच्या म्हाळाला असते," मामा म्हणाले.

"म्हाळ अष्टमीला. तुम्ही पंधरवड्यात दोनदा खीर खाता. सेहेचाळीस वर्षं खाताय."

जगात कोणत्या दिवशी कुठला राजा मेला ते सांगणाऱ्या माणसाने दोन वाट्यांमधला फरक कधी मोजला नव्हता. "अगं, मग सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं, आणि ते इतकं बारीक आवाजात विचारलं की मला तिथून उठावंसं वाटलं.

"तुम्ही गावाला विचारलंत, अक्काला विचारलंत, वाळवीलासुद्धा विचारलंत," मामी म्हणाल्या. "मी वाट बघत होते माझा नंबर कधी लागतो त्याची."

मामांनी पंचांग मागवलं आणि नवीनच पंचाईत झाली. तिथी दरवर्षी वेगळ्या तारखेला, आणि जन्मसालही मास्तरांनी अंदाजानेच टाकलेलं. खोक्यातल्या तीनशे सहासष्टांपैकी कुठल्याच कार्डावर मामी बसेनात. शेवटी मामांनी एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर तारखेची जागा मोकळी ठेवली आणि मामींचं माहेरचं पूर्ण नाव लिहिलं. हे झाल्यावर दुसरी अडचण लक्षात आली. पंचमी भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आणि आम्ही तर श्रावणातच जागा सोडणार. तेव्हा बिल्डिंग उभी तरी असेल का? मामा बिल्डरच्या माणसाकडे चौकशीला गेले. तो म्हणाला, "काका, पितृपक्षात आम्ही हातोडा लावत नाय. घटस्थापनेपासून सुरू." ज्या पंधरवड्यापायी मामींचा वाढदिवस आयुष्यभर लपला, त्याच पंधरवड्याने भिंत तेवढी टिकवली.

पंचमीला सकाळी आम्ही तिघं रिक्षाने गेलो. बिल्डिंगभोवती पत्रे लागले होते. खिडक्या काढून नेल्यामुळे आमची गॅलरी मला पटकन ओळखूच आली नाही. वॉचमनने आत सोडलं. मामांनी बाटलीतल्या पाण्याने फडका ओला केला, फळ्यावरची धूळ पुसली आणि लिहायला लागले. मथळ्याला त्यांनी तिथी लिहिली. घटना या रकान्यात बरंच काही होतं. जन्मात एकच नाव होतं. मृत्यूचा रकाना त्यांनी आखलाच नाही. मी इतकी वर्षं तो फळा जाता-येता वाचला आणि हसलो. त्या दिवशी मला मामांचा हेवा वाटला.

मामींनी पिशवीतून चष्मा काढला, लावला, आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं.

"अक्षर बरंय अजून," त्या म्हणाल्या.

"तुला कुठे माहीत आधी कसं होतं? तू कधी बघितलंस?"

"रोज बघायचे. दूध आणायला मी सव्वासहाला का उतरायचे? दूधवाला तर पावणेसहालाच यायचा."

मामांच्या हातात फडका तसाच होता. घरी घेऊन जायचा म्हणून त्यांनी तो पिळला, त्याची घडी घातली, आणि तो परत उलगडला. वॉचमनने तिघांना खुर्ची हवी का विचारलं. मामींनी पिशवीतून डबा काढून त्याला खीर दिली.

तो फळा त्यानंतर कोणी पुसला नाही. घटस्थापनेनंतर भिंतच पाडली.

भाड्याच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट आहे, फळा नाही. मामा रोजचं कार्ड आता दाराला टाचतात, ते शेजारच्या बिऱ्हाडाला आवडत नाही. गेल्या पाडव्याला मी नवं पंचांग घेऊन गेलो तेव्हा त्यांनी खोक्यातून मामींचं ते बिनतारखेचं कार्ड आधी काढलं आणि बोट लावून भाद्रपद शोधू लागले. यंदा अधिक महिना आहे, त्यामुळे पंचमी बरीच पुढे गेली होती. मामांनी कार्ड सप्टेंबरातून उचलून आणखी मागच्या कप्प्यात सरकवलं.

"अगं, यंदा तुला जरा जास्त थांबावं लागणार," त्यांनी आत ओरडून सांगितलं.

"थांबते की," आतून मामी म्हणाल्या. "सवय आहे मला."