गव्हाणीतला मोर

अक्का गेल्याचा निरोप मला यवतमाळला मिळाला, तो दिग्रसच्या बसच्या कंडक्टरकडून. परीक्षेसाठी मी ट्रेनिंग कॉलेजात चार दिवस मुक्कामाला होते. फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, "तुमच्या नणंदबाई सकाळीच गेल्या वो बाई. आता परतीची गाडी सुटते, बसता काय?" मी तशीच, हातातल्या पेनासकट, बसले. आर्णी येईपर्यंत मी रडले नाही. नंतर मात्र शेजारची बाई घाबरून उठून पुढं जाऊन बसली इतकी रडले. आता महिना उलटून गेलाय. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाले म्हणाले, वहिनी, तुमच्या नणंदेबद्दल चार गोड आठवणी लिहा, त्यांच्या नानकटाईबद्दल लिहा, वाचकांना आवडेल. गोड आठवणी पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की आधी घशाशी येतं ते गोड नसतं. किळस येते. तेव्हा ज्यांना नुसतंच गोड हवं असेल त्यांनी पान उलटावं, माझा राग नाही.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, कौसल्या. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी परत आली आणि पुढं मुलींच्या शाळेत शिपाईण म्हणून लागली. घंटा वाजवायची, वर्ग झाडायचे, मुलींना पाणी वाढायला मात्र दुसरी बाई असायची. मी छप्पन साली या घरात नवरी म्हणून आले आणि त्याच वर्षी दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. परतल्यावर आठ-पंधरा दिवसांत दिवाळी. तोवर आमच्या वस्तीतल्या बायका दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गावात फिरत, आणि उरलंसुरलं, मऊ पडलेलं फराळाचं वरून टोपलीत पडे. त्या वर्षी कोणी गेलं नाही. मोठ्यांचं ठीक होतं, पण पोरांना काय कळणार? गावातून तळणाचा वास यायचा आणि पोरं रडायची. अक्कानं एक दिवस ते ऐकलं, दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी उठून म्हणाली, "शांते, आजवरी आपून घेतच आलो. आता आपून देऊ. पाहू कोण हात पुढं करते तं."

अक्का लहानपणी कापसाच्या जिनिंगच्या साहेबाच्या बंगल्याचं अंगण झाडायला जायची. तिथल्या मडमीण बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बिस्किटं करायच्या, ती हिनं झाडू हातात धरून बाहेरून बघून बघून पाठ केली होती. भट्टी कुठली असायला! जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालायची, पातेलं चुलीवर ठेवायचं, वाळूवर ताटली, ताटलीवर नानकटाई, आणि वरच्या झाकणावर रसरशीत निखारे. खालून वरून धग मिळाली की तासाभरात घरभर वेलदोड्याचा वास सुटायचा. पण गोल नानकटाई करील तर ती अक्का कसली. डालड्याच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापून, वाकवून तिनं साचे केले होते. चिमणी, ससा, मासा, हत्ती. हत्तीची सोंड दर खेपेला मोडायची आणि ती मोडकी सोंड कोणी खायची यावर पोरांची मारामारी. डोळ्याच्या जागी एकेक चारोळी. पांढरकवड्याकडून बाजाराला येणाऱ्या कोलाम आदिवासी बायकांकडून ती चारोळी घ्यायची, आणि घेताना दोन तोंडात टाकायची.

दीक्षेच्या दिवशी आणि जयंतीला असे वर्षातून दोनदा हे बेत असायचे, आणि माणूस पाहून आकार ठरायचा. आमच्या ह्यांना, म्हणजे स्वतःच्या भावाला, ती लांब कानांचं गाढव द्यायची, कारण हे कुणीही सांगेल ते ओझं उचलायचे. मला पहिल्या वर्षी तोंड उघडा पोपट मिळाला. मी फुगून बसले, तर म्हणते कशी, "अवं, चोच मिटवाची होती, पण मंग तू आहे असं वाटलं नसतं न!" सासऱ्यांना मिशीवाला वाघ, शेजारच्या कजाग म्हातारीला विंचू. म्हातारी विंचू नांगीपासून खायची आणि वर अजून मागायची. दोन दोन महिने आधीपासून वस्तीतली पोरं अक्काशी गोड बोलायला लागत, आपल्याला बेडूक मिळेल या धाकानं. इतका हसवणारा खाऊ मी दुसरीकडे कुठं पाहिलेला नाही.

आता मालतीबाई. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. अक्काच्या शाळेत त्या शिकवायला होत्या, मोठ्या घरच्या. पांढरं सुती लुगडं, मृदू आवाज, आणि सभा कुठलीही असो, माणूस माणसासारखाच आहे यावर भाषण ठरलेलं. माझी त्यांच्यावर भक्ती होती, खोटं कशाला बोलू! पहिल्या जयंतीला शाळेत अक्काच्या हातात डबा पाहून त्याच स्वतःहून म्हणाल्या, "काय हो कौसल्याबाई, आम्हाला नाही वाटतं?" अक्का त्या दिवशी घरी आली ती जमिनीवर पाय नव्हते तिचे. "मांगून घेतलं वो शांते, तिनं तोंडानं मांगून घेतलं!" गावातून आमच्या हातचं मागणारं ते पहिलं माणूस. अक्कानं आठ दिवस खपून नवा साचा केला, मोराचा. पिसाऱ्यात नऊ चारोळ्या. एका डब्यात बारा मोर घालून, डब्याला फडकं बांधून तिनं नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी मालतीबाई डोळे मिटून म्हणाल्या, "जिभेवर ठेवली की विरघळते हो तुमची नानकटाई." मग हे दर खेपेला. डबा जायचा, कौतुक यायचं. वस्तीत कोणी आपल्या नशिबाला बोल लावायला बसलं की अक्का म्हणायची, अवं, असं काहून म्हणता, मालतीबाई खातात न आपल्या हातचं!

तिसऱ्या की चौथ्या वर्षी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सरपण घेऊन येत होतो. मालतीबाईंच्या वाड्यामागून वाट होती. "आलोच हाय तं डबा घेऊन जाऊ," म्हणून अक्का मागच्या फाटकातून आत डोकावली, मी तिच्या मागं. गोठ्यात म्हैस गव्हाणीत तोंड घालून होती. तिच्यापुढं ढेप आणि चुनी कालवलेली, आणि त्या घोळात... आमचे मोर. काही अख्खे, काही फुगून फुटलेले. म्हशीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि तिला एक पिसारा चिकटलेला, चारोळ्यांसकट. गड्यानं आम्हाला पाहिलं. त्या बिचाऱ्याला काय लपवायचं ते ठाऊक नव्हतं. म्हणाला, "बाई दर साली म्हशीलेच टाकाले सांगतात. खाते बरं म्हैस, आवडीनं खाते."  म्हैस बिचारी काय करणार! मला मालतीबाईंच्या त्या मिटलेल्या डोळ्यांची किळस आली. सरळ 'आमच्याकडे चालत नाही' म्हणाल्या असत्या तर आम्हाला ते नवीन नव्हतं. पण मागून घ्यायचं, म्हशीला घालायचं आणि वर जिभेवर विरघळते म्हणून कौतुक करायचं?

अक्का घरी आली. मोळी टाकली, पाणी प्याली, आणि मग तिला हसू फुटलं. मी म्हटलं, अक्का, उद्या शाळेत जाऊन तिच्या तोंडावर मारा डबा. "मारून काय व्हते? ती म्हणन गड्यानं चोरून टाकलं. अन् मी सांगन तं कोण आयकन माह्यं?" मग जराशानं म्हणाली, "म्हशीले आवडते म्हणे. मंग म्हशीच्या आवडीचं करू न आपून." आणि खरंच, पुढच्या वेळेपासून मालतीबाईंचा वाटा वेगळा मळायला लागली. सरकीच्या ढेपेचा चुरा, तुरीची चुनी, मूठभर मीठ, बांधायला थोडी कणीक आणि वरून वासापुरता तुपाचा हात. आकार मात्र मोराचाच, चारोळ्या मोजून नऊ. डबा गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत, सगळ्या बायकांसमोर, मालतीबाई म्हणाल्या, "यंदा तर कमालच केलीत! साखर अगदी बेताची आणि वेलदोडा काय सुरेख लागला होता!"

अक्का ते घरी करून दाखवायची. पदर नीट करून, मान तिरकी करून, डोळे मिटून... वेलदोडा काय सुरेख! वस्ती हसून हसून लोळायची. पुढं दर वेळी ती त्यात काही ना काही वाढवायची, कधी कुटाराचा भुसा, कधी मेथीचा पाला, आणि कौतुकही तसंच वाढत जायचं. मला मात्र त्यात कधी हसता आलं नाही. लोक म्हणायचे, शांताबाई फारच कडू. असेन कडू. खोटं बोलताना ज्या माणसाची पापणी लवत नाही त्याला पाहून मला हसू येत नाही, मळमळतं. आणि अक्का तरी मनापासून हसायची का? सगळे गेले की ती तो ढेपेचा हात राखेनं घासघासून धुवायची, कितीतरी वेळ.

या माघ महिन्यापासून अक्काची तब्येत ढासळली. खोकला, मग ताप, मग जेवण तुटलं. शाळेत जाणं बंद झालं. एके दिवशी मालतीबाई आमच्या दाराशी आल्या. दाराशी म्हणजे निंबाखाली, रस्त्यावर. मी खाट टाकली, त्या बसल्या नाहीत. पाणी विचारलं, "आत्ताच पिऊन आले." दोन मिनिटं उभं राहून, "लवकर बऱ्या व्हा, आम्ही वाट पाहतोय तुमच्या मोरांची," असं म्हणून गेल्या. अक्का त्यानंतर तीन दिवस तेच बोलत होती. "पाह्यलं न? आपल्या वस्तीत आली ती. आजवरी कोणी आलतं काय?"

मी म्हटलं, उंबऱ्याच्या आत पाय नाही घातला त्यांनी.

"आली तं खरी! माणूस बदलते वो शांते, कायले एवढी जळते तू?"

मी यवतमाळला निघायच्या आदल्या दिवशी तिनं चूल पेटवायला लावली. जयंतीला आठवडा होता. उठवत नव्हतं, पण भिंतीला टेकून बसून तिनं सगळी पोरं, सगळी माणसं आठवून साचे मारले. माझा पोपट केला. शेवटी मालतीबाईंचा वाटा राहिला तेव्हा म्हणाली, "तू जाय बाहीर. हा मी मळतो." मी मनात म्हटलं, मेथीच्या जागी आता कडुनिंब घालते की काय. डबा फडक्यात बांधून तिनं उशाशी ठेवला. मी यवतमाळला गेले आणि तिसऱ्या दिवशी तो कंडक्टर आला.

पुण्यानुमोदनाला, अक्काच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, सारी वस्ती लोटली होती. शाळेतर्फे मालतीबाई आल्या, पहिल्यांदाच अंगणात आल्या, सतरंजीच्या कडेला बसल्या. मग बोलायला उभ्या राहिल्या. "कौसल्याबाईंच्या हाताची गोडी... दर वर्षी ती नानकटाई खाताना मला वाटायचं, हेच खरं समतेचं जेवण." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. सतरंजीवरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. माझ्या अंगातून आग गेली. मी उठले, आतून तो उशाशी ठेवलेला डबा आणला, फडकं सोडलं आणि एक मोर त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, "बाई, अक्कानं मरायच्या आधी तुमच्यासाठी केलेला आहे. घ्या. इथंच खा, आमच्या डोळ्यांसमोर."  मला वाटलं, आता चावतील, आता ढेप आणि मीठ तोंडात जाईल, आता सगळ्यांसमोर थुंकतील आणि दहा वर्षांचं खोटं उघड्यावर पडेल.  मालतीबाईंनी चारी बाजूंना पाहिलं, आणि मोराची मान मोडून तोंडात घातली. चावली. गिळली. मग डोळे मिटून म्हणाल्या, "अगदी नेहमीसारखी."

मी उरलेला तुकडा त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि तोंडात टाकला. साखर. घरचं तूप. वेलदोडा, दोन्ही हातांनी घातलेला. ज्या घरात औषधाला तूप नव्हतं त्या घरात अक्कानं ते कुठून आणलं होतं कोण जाणे... 

कार्यक्रम संपला. बायका मला आत चल म्हणत होत्या, पण मी कुडापाशी उभी राहून मालतीबाईंना जाताना पाहत होते. वळणावर नगरपालिकेचा नळ आहे. तिथं त्या थांबल्या. मागं पुढं पाहिलं, पदर खोचला, ओंजळीनं पाणी घेतलं आणि चूळ भरली. एक, मग दुसरी, मग बोट घालून दात चोळून तिसरी. थुंकल्या, तोंड पुसलं आणि गेल्या. त्यांच्या मागोमाग एक बाई घागर घेऊन आली आणि त्याच जागेवर घागर टेकवून पाणी भरू लागली.

मी घरात आले, डब्यातले उरलेले मोर बाहेर रडत बसलेल्या पोरांना वाटून टाकले. पोरं खाऊ लागली, एक म्हणालं, "मावशी, हे लय गोड हाय वो, अक्कानं आमाले कधी असे मोर काहून नाही दिले?"  मी त्याचं तोंड पुसलं आणि एकच विचार माझ्या मनात आला, की बरं झालं अक्का गेली, निदान नळावरचं तिला पाहावं लागलं नाही. माझ्या आईसारख्या नणंदेच्या मरणाबद्दल 'बरं झालं' हा शब्द त्या बाईनं माझ्या तोंडात घातला. तो मी थुंकून टाकू म्हटलं तरी टाकता येत नाही.