केराबाईचं चार बोटी जाळं

मंगळवेढ्याच्या रस्त्यालगतच्या त्या तळ्यावर जाळ्याचा डोळा केवढा असावा, हे केराबाईची बोटं ठरवत. काठच्या भोयांच्या घरी जाळी असत ती तिच्याच हातची. तिची सासू चार बोटी विणायची, म्हणजे डोळ्यातून चार बोटं सहज जावीत. केराबाईच्या काळात मोठे मासे कमी झाले, तशी चाराची तीन बोटं झाली, मग दोन. दोनावर तिचा नवरा सिद्धनाथ अडून बसला. "ह्याच्या खाली न्हाई. पिल्लं सुटू देत," तो म्हणे. तो गेल्यावर तिनं त्याची अट पदराला गाठ मारावी तशी सांभाळली.

मुलगा बिभीषण मात्र रोज रिकामी पाटी घेऊन येई.

"आये, तुझ्या दोन बोटांतनं सगळं तळं निसटून जातंय. लोक मच्छरदाणीवाणी जाळी टाकत्यात."

"मग आण की बाजारातनं."

"एका पावसाळ्यात फाटत्यात. तू इणलंस तर धा वर्सं टिकंल. न्हाई तर मी चाललो श्रीपूरला, कारखान्यावर."

त्याच दिवसांत सोलापूरच्या कॉलेजातली दानेश्वरी येऊ लागली. पन्नास वर्षांत तळ्यातले मासे कसकसे घटले, हे ती शोधत होती. लिहून ठेवलेलं कुणाकडेच काही नव्हतं, म्हणून ती घराघरांतली जुनी जाळी मागून त्यांचे डोळे मोजायची. केराबाईनं तिला जेवायला बसवलं, तर पोरीनं कालवण बाजूला सारलं.

"आमच्यात चालत नाही, आजी."

"आगं माझ्या बाई! मासा खात न्हाईस आन् माशाचंच शिकतीस?" केराबाई पोट धरून हसली.

जुनं चार बोटी जाळं मात्र कुणाकडेच उरलं नव्हतं. कॉलेजात काचेत लावायला एक नवं विणून द्याल का, असं दानेश्वरीनं विचारलं. केराबाईनं आठवडाभर ओट्यावर बसून ते विणलं. गाठी आपोआप पडत गेल्या. डोळ्यातून चारही बोटं आरपार जात, तेव्हा तिला सासूचा हात दिसे. दानेश्वरी जाळं घेऊन गेली आणि पेन्सिल विसरून गेली.

त्याच संध्याकाळी बिभीषणनं पिशवी भरायला घेतली. केराबाई उरलेलं सूत ओढून म्हणाली, "ठिव ती पिशवी."

करंगळीही जाणार नाही असा डोळा तिनं कधी विणला नव्हता. मापाला बोट चालेना. तिनं दानेश्वरीची पेन्सिल घेतली आणि तिच्याभोवती गाठ मारली.

पहिल्याच दिवशी पाटी भरली. "बघ आये!" बिभीषण दारातूनच ओरडला. केराबाईनं एक पिल्लू तळहातावर घेतलं. रोहूचं होतं. गेल्या महिन्यात मच्छीमार संस्थेनं तळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली होती. तेव्हा गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनंही एक पिशवी हळूच पाण्यात उलटली होती. ही त्यातलीच पिल्लं, तेव्हापेक्षा नखभर वाढलेली.

"सोडून यी," ती म्हणाली.

"मेली की ती. आन् मी न्हाई धरली तर दुसरा धरंल." एवढ्याशा जिवांत चिरण्याजोगं काही नव्हतं. केराबाईनं ती पत्र्यावर वाळत घातली.

दानेश्वरीचा फोन आला. "आजी, जाळं लावलं. सगळे बघतात. या एकदा."

"यीन की. खाली काय लिवलंस?"

"चार बोटी जाळं. आता वापरात नाही."

"व्हय, बरूबर हाय," केराबाई म्हणाली, आणि पत्र्यावरचे कावळे हाकलायला उठली.

दिवाळीपर्यंत पाटी तळाला आली. कारखाना सुरू झाला तसा बिभीषण अखेर श्रीपूरला गेलाच. मागे कुडाला अडकवलेलं ते बारीक डोळ्यांचं जाळं राहिलं, शाबूत, एकही गाठ न सुटलेलं.

परवा शेजारचा नागप्पा ते हातात घेऊन बराच वेळ निरखत होता. "मावशी, काय इणलंय! असंच एक मलाबी पायजे."

केराबाईनं तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सूत घिऊन यी."