'प'चा खण आणि शेतीचा खण

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी मी सांगलीतल्या एका वाचनालयात नोकरीला लागले. तिथे पुस्तकं शोधायला कार्डांची दोन कपाटं होती. एकात लेखकांच्या नावाने लावलेली कार्डं, दुसऱ्यात विषयांनुसार. पुस्तकाचा क्रमांक बदलला की दोन्हीकडे दुरुस्ती करायची. हे काम माझ्याकडे आणि फौजेतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांकडे होतं. ते म्हसवडकडचे. कुजबुजले तरी रस्त्यावर ऐकू जायचं.

आधी आम्ही दोघेही हव्या त्या खणात हात घालायचो. त्यात कार्डं हरवली, काही पुस्तकांची दोन-दोन झाली. मग ग्रंथपालबाईंनी नियम केला : खण ज्याच्या टेबलावर, तो काम संपेपर्यंत त्याचाच.

आठवडाभर छान चाललं. एका शनिवारी मी लेखकांचा 'प'चा खण घेऊन बसले. पुढे मला शेतीचा खण हवा होता, पण तो हवालदारांच्या टेबलावर. त्यांचं उरकेल म्हणून मी थांबले. तेही स्वस्थ बसलेले. शेवटी मी पिशवीतून विणकाम काढलं.

तासाभराने तासगावकडचे एक बागायतदार आले. त्यांना द्राक्षांच्या छाटणीवरचं पुस्तक हवं होतं.

"आवं, जरा दम धरा," हवालदार म्हणाले. "ताईंचा 'प' सुटला की माझं झालंच."

"माझा? मी तर तुमच्या शेतीसाठी थांबलेय!"

बागायतदार पोट धरून हसले. "म्हंजी तुमी दोगं दिवस मावळंस्तवर असंच बसला असता व्हय?"

हवालदार लाजले. त्यांनी अर्ध्यावरच्या दुरुस्त्या खोडून कार्डं पूर्ववत लावली आणि खण सोडला. पुस्तक पाच मिनिटांत सापडलं.

दुपारी चहा पिता पिता त्यांनीच तोड काढली. "दोगांनी बी आदी लेखकाचा खण घ्यायचा, मगच विषयाचा. पयला मिळाला न्हाई, तर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई."

मला खात्री वाटेना. म्हणून आम्ही मुद्दाम अडकून बघायचं ठरवलं. एकाच पुस्तकाचं काम दोघांनी घ्यायचं आणि कपाटाकडे धावायचं. मी पळत, ते कवायतीच्या चालीने. चौथ्या फेरीला ग्रंथपालबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय चाललंय हे?"

"तपासणी, बाई!" हवालदारांनी कडक सलाम ठोकला.

सगळं ऐकून बाईंनी स्वतः दोन फेऱ्या मारल्या. एकदाही कुणी अडकलं नाही.